स्टॉलवरचा गल्ला आणि तिथे बसणाऱ्या ताईचं नाव



या वेळचा पाठ बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. सोबत गटाची ठराव वही असू द्या, शेवटी लागेल.

दिवाळी जवळ आली की प्रदर्शनं सुरू होतात. आधी तालुक्याचं, जिल्ह्याचं, मग पुण्यात भीमथडी जत्रा, मुंबईत महालक्ष्मी सरस. माल किती न्यायचा, लेबल कसं लावायचं, जेवणाचं काय करायचं, हे सगळं आपण बैठकीत बोलतो. चोरीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बोललं तर अपशकुन होईल असं वाटतं की काय, कोण जाणे!

मी एमएसडब्ल्यू करून या कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी आपल्या भागातल्या एका गटाने तीन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. शेवया, कुरडया, चटण्या आणि सहा गोधड्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दी फुटली आणि टेबलाखालचा स्टीलचा डबा गेला. कुणी नेला, कधी नेला, कुणालाच दिसलं नाही. डब्यात किती होते विचारलं तर एक ताई म्हणाली नऊ हजार, दुसरी म्हणाली सहाच्या वर नसतील. वहीत दुपारनंतर काहीच लिहिलेलं नव्हतं.

गावी परतल्यावर कुजबुज सुरू झाली. चार ते पाच स्टॉलवर कोण एकटी होती? झालं. त्या ताईला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, पण ती दोन महिने बैठकीला आली नाही. पैसे पुढच्या दोन प्रदर्शनांत भरून निघाले. ताईला परत आणायला मला तिच्या घरी पाच वेळा जावं लागलं. आणि खरं सांगू, त्यात माझीही चूक होती. लेबलचं प्रशिक्षण मी दिलं होतं, गल्ल्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट ही. मोजणं म्हणजे अविश्वास नाही. वहीत लिहिलेलं असेल तर जी स्टॉलवर बसते तिच्यावर बोट उठत नाही. मोजणी तिच्यासाठीच आहे.

माल निघायच्या आधी यादी करा. वस्तू, नग, एका नगाची किंमत, खाली दोघींच्या सह्या. यादीचा फोटो अध्यक्ष ताईंच्या मोबाईलवर ठेवा. रोज रात्री उरलेला माल मोजा. सकाळी चटणीची ६० पाकिटं होती, रात्री २२ उरली, म्हणजे ३८ गेली. पन्नास रुपयांप्रमाणे १,९०० यायला हवेत. वहीत १,८०० दिसले तर दोन पाकिटं कुठे गेली ते त्याच रात्री शोधायचं. बहुतेक वेळा चोरी नसतेच, चवीला फोडलेलं पाकीट लिहायचं राहून गेलेलं असतं. पण हे त्या रात्री कळतं. आठ दिवसांनी गावात बसून कळत नाही, तेव्हा फक्त संशय उरतो.

आता गल्ला. डबा ठेवूच नका असं मी म्हणणार नाही, सुट्ट्यांसाठी लागतो. पण त्यात चार-पाचशेच्या वर रक्कम नको आणि पाचशेची नोट तर मुळीच नको. मोठी नोट आली की अंगावर. आपल्या आज्या पैसे कनवटीला लावायच्या, ते या डब्यापेक्षा शहाणपणाचं होतं. आता कमरेची चेनची पिशवी बाजारात मिळते, पदराखाली दिसतही नाही. दर दोन तासांनी दोघींनी मिळून मोजायचं, वहीत वेळ आणि रक्कम टाकायची. रात्री सगळी रोकड मुक्कामावर नेण्यापेक्षा जवळपास पैसे भरायचं मशीन असेल तर उजेड असतानाच दोघींनी जाऊन भरून यायचं.

स्टॉलवर एकटी कुणी बसू नये. एक माल दाखवेल, दुसरी पैसे घेईल, आणि पैसे घेणारीने त्या वेळी मालाकडे वळायचं नाही. जेवायला जाताना शेजारच्या स्टॉलवरच्या ताईला सांगून जा. पहिल्याच सकाळी तिला आपल्या चटणीचं एक पाकीट द्या, तीन दिवस ती तुमच्याकडे लक्ष ठेवेल. (ते पाकीटही वहीत लिहा हं!)

माल मांडताना लोक समोरून विचार करतात, मागे कुणी बघत नाही. स्टॉलची मागची भिंत म्हणजे बहुतेक ठिकाणी कापडाची कनात. बाहेरून हात घातला की वर उचलते. कनातीला टेकवून खोकी किंवा आपल्या पिशव्या ठेवू नका, मोबाईल चार्जिंगलाही तिथे लावू नका. लहान आणि महाग वस्तू, म्हणजे दागिने, बटवे, छोटी वारली चित्रं, आपल्या हाताशी. पापडाची पाकिटं पुढे. रात्री माल चादरीने झाकून दोरीने बांधा आणि गाठीचा फोटो काढा, सकाळी कुणी सोडली असेल तर लगेच कळेल. गोधड्यांसारखा किमती माल मुक्कामावर न्या. स्टॉलच्या अर्जावर बारीक अक्षरात मालाच्या जबाबदारीबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा किंवा वाचून घ्या.

गर्दीत तिघी-चौघी एकदम आल्या, एक भाव विचारते, दुसरी वरचं खोकं काढायला लावते, अशा वेळी तिसरीकडे बघा. सगळ्याच गिऱ्हाइकांकडे संशयाने बघायचं नाही, माल विकायला गेलोय आपण. कुणी वस्तू पिशवीत टाकताना दिसली तर अंगाला हात लावू नका, पिशवी तपासू नका. "ताई, ते पाकीट बांधून देऊ का?" एवढं मोठ्याने विचारा. नव्वद वेळा वस्तू परत टेबलावर येते.

पाचशेची नोट घेतली की सुट्टे देऊन होईपर्यंत ती गल्ल्यात टाकू नका, समोर धरून ठेवा. "मी पाचशे दिले होते" हा वाद तिथेच मिटतो. नोट तिरपी करा, खऱ्या नोटेतला धागा हिरव्याचा निळा होतो.

क्यूआरवर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवतात, त्यामुळे रोज सकाळी आपल्याच फोनवरून एक रुपया पाठवून गटाचं नाव येतं का बघा. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, आपला मेसेज किंवा आवाज आला तरच माल द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा.

चोरी झालीच तर आयोजकांना सांगा, ११२ लावा आणि गावी न परतता तिथल्याच पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतल्या आणि वरच्या चोरीत फरक केलेला आहे, त्यामुळे नेमकं किती गेलं हे सांगता आलं पाहिजे. यादी आणि वही तिथे दाखवा. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

आता ठराव वही उघडा. या बैठकीत असा ठराव घ्या: "प्रदर्शनात यादी व वही नियमाप्रमाणे ठेवलेली असताना चोरी झाल्यास नुकसान संपूर्ण गटाचे राहील, स्टॉलवर बसलेल्या सदस्याकडून वसूल करणार नाही." सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रदर्शनाला निघायच्या आधीच घ्या, नंतर चेहरे बघून ठराव होत नाहीत.

त्या गटाने हा ठराव घेतला तेव्हा पहिली सही त्याच ताईची होती. या वर्षी वही तिच्याकडे आहे.