सीडी फिरते, पण बूट होत नाही

२००८ सालची गोष्ट. मी तेव्हा फायनल इयरला. रात्री साडेअकराला रूममेट दाराशी उभा, तोंड पडलेलं. त्याच्या पीसीवर एकच ओळ : 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. आत अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट, बॅकअप शून्य, आणि परवा सबमिशन. एक्सपी पुन्हा टाकण्याआधी डेटा बाहेर काढणं भाग होतं. त्यासाठी शेजारच्या विंगमधून उबुंटू ८.०४ ची आयएसओ फाइल आणली आणि सीडी बर्न केली. सीडी घातली, रीस्टार्ट केलं, तर पुन्हा तीच ओळ!

आम्ही दोघांनी अर्धा तास सीडीला शिव्या दिल्या. पण जरा विचार करा, एनटीएलडीआर ही विंडोजची फाइल. उबुंटूची सीडी तिचं नाव कशाला घेईल? म्हणजे तो मेसेज हार्ड डिस्कचा होता. बायोसने सीडी बघितली, कामाची नाही म्हणून सोडली आणि पुढच्या डिव्हाइसकडे गेला. तेव्हापासून माझी सवय : आधी मेसेज कोणाचा ते ओळखायचं.

मग सीडी दुसऱ्याच्या पीसीवर लावली. तिथेही बूट नाही. एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटला, कारण आता दोष बूट ऑर्डर, केबल किंवा आमच्या ड्राइव्हवर ढकलता येईना. विंडोजमध्ये सीडी उघडली, तर आत एकुलती एक .आयएसओ फाइल. हसू नका, हा घोटाळा तेव्हा निम्म्या हॉस्टेलने केला असेल.

यात चुकतं काय? डेटा सीडीवर २०४८ बाइट्सचे सेक्टर असतात. 'एल टोरिटो' या १९९५ च्या स्टँडर्डप्रमाणे बायोस १७ व्या सेक्टरवर (मोजणी शून्यापासून) बूट रेकॉर्ड शोधतो. तिथे बूट कॅटलॉगचा पत्ता मिळतो आणि कॅटलॉगमध्ये बूट इमेजचा. आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडीचा सेक्टर-टू-सेक्टर साचा. तो 'बर्न इमेज'ने उतरवला तर त्यातला सतरावा सेक्टर सीडीच्या सतराव्या जागी बसतो. साधी फाइल म्हणून टाकला तर तोच सेक्टर फाइलच्या पोटात, भलत्याच ठिकाणी जातो. खोलीची चावी कपाटात ठेवून दाराला कुलूप लावल्यासारखं.

दुसरी सीडी 'बर्न इमेज'ने केली. मेन्यू आला! आम्ही टाळ्या दिल्या, आणि पाच मिनिटांत स्क्रीनभर आय/ओ एरर. त्याच मेन्यूतल्या 'चेक सीडी फॉर डिफेक्ट्स'ने सीडीवरच्या फाइल्स खराब असल्याचं सांगितलं. आयएसओचा एमडी५ काढला, ३२ अक्षरं एकेक करून जुळवली, सगळी बरोबर. म्हणजे डाउनलोड ठीक होता, गडबड बर्निंगमध्ये होती. तिसरी सीडी ४८ एक्सऐवजी ८ एक्सवर आणि दुसऱ्याच्या रायटरवर केली. चालली. आता खरं श्रेय स्पीडचं की रायटरचं, हे आजही सांगता येणार नाही, कारण रात्री तीन वाजता दोन्ही एकदम बदलली. लॅबमध्ये असं करू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणखी एक छळणारा प्रकार. 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' दिसतं, तुम्ही की दाबता, काहीच होत नाही. जुन्या मदरबोर्डवर बायोसमध्ये यूएसबी कीबोर्डचा लेगसी सपोर्ट बंद असेल तर ती की पोचतच नाही. पीएस/२ कीबोर्ड लावून बघा.

आज मी याच कॉलेजच्या लॅबमध्ये असतो. सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली, पण चूक तीच : पोरं आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून आणतात. आता बायोसऐवजी यूईएफआय असतं. ते सतरावा सेक्टर बघत नाही, फॅट पार्टिशनवर 'ईएफआय' फोल्डरमधल्या 'बूट' फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ती नसेल तर पेन ड्राइव्ह बूट मेन्यूत बहुधा दिसतच नाही. दिसतोय पण 'सिक्युरिटी व्हायोलेशन' येतंय, तर सिक्युअर बूट त्या बूटलोडरची सही मान्य करत नाहीये. ते लगेच बंद करायला धावू नका, आधी आयएसओ अधिकृत ठिकाणाहूनच आणली ना आणि तिचा एसएचए-२५६ जुळतो का, ते बघा.

त्या रात्री पहाटे साडेचारला रिपोर्टचा फोल्डर २५६ एमबीच्या पेन ड्राइव्हवर उतरला. रूममेटने तो तीन जणांच्या पीसीवर कॉपी केला आणि मगच झोपला. माझ्याकडे यायचं असेल तर पेन ड्राइव्हबरोबर स्क्रीनवरच्या मेसेजचा फोटोही आणा. नुसतं "सर, चालत नाही" म्हणू नका.