पाठभेद, शाखा आणि संगम

एकाच ग्रंथावर अनेक हात काम करू लागले, की त्याच्या प्रती वेगळ्या होऊ लागतात. त्या पुन्हा एकत्र कशा आणाव्यात, हा प्रश्न संगणकशास्त्राचा आहे असे हल्ली मानले जाते. मी मराठीचा विद्यार्थी. मला तो आपल्या घरचा आणि पुष्कळ जुना प्रश्न वाटतो. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा अभ्यास मांडावयाचा आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढील तीन शतके तिच्या नकला होत गेल्या. कुठे लेखनिकाची चूक झाली, कुठे अवघड शब्द सोपा केला गेला, तर कुठे एखादी नवी ओवी शिरली. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती पाहून शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. आजच्या संगणकाच्या भाषेत बोलावयाचे, तर त्यांनी विखुरलेल्या शाखांचा संगम करून एक प्रकाशन सिद्ध केले व त्यावर मोहोर उठविली. मात्र कोणता पाठ कोठून घेतला आणि कोणता सोडला, याची नोंद त्या प्रतीत नाही. भक्तांच्या हाती निर्मळ ग्रंथ द्यावा हा नाथांचा हेतू होता, त्यामुळे तशी अपेक्षा धरणेही योग्य नव्हे. परंतु अभ्यासकाची अडचण येथूनच सुरू होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना आपल्या बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असे त्यांचे मत होते, आणि १९०९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून संगमापूर्वीची शाखा कशी होती, याविषयीची चर्चा चालूच राहिली आहे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताचे आहे. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. डॉ. वि. स. सुखटणकर यांनी या कामाची पद्धत घालून दिली. पोथ्यांच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा शाखा ठरविल्या. एकमेकींशी संबंध न आलेल्या शाखा जेथे एकमुखाने बोलतात, तो पाठ जुना धरला. आणि न स्वीकारलेले पाठ टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. त्यांना सर्वांत जास्त त्रास दिला तो मिश्र पोथ्यांनी. दोन शाखांतील मजकूर एकत्र केलेला, पण कोणता कोठला हे न सांगणारा!

आता संगणकाकडे वळू. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली गिट ही प्रणाली नेमकी हीच उणीव भरून काढते. प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची ती नोंद ठेवते. दोन शाखांचा संगम झाला, की त्या नोंदीत दोन्ही जनकांची खूण राहते.

आमच्या विभागातील सहा जण जात्यावरच्या ओव्या गोळा करतात. त्या सांगणाऱ्या पुष्कळ बायका ऊसतोडीला जातात. टोळ्या गावी परतल्या की जे काही महिने मिळतात, तेवढ्यातच संग्रह करावा लागतो. म्हणून पुस्तक छपाईला चालले, तरी संग्रह थांबविता येत नाही. अशा वेळी मुख्य शाखेतून एक प्रकाशन-शाखा काढावी. मुख्य शाखेत नव्या ओव्या येत राहतील; प्रकाशन-शाखेत मात्र केवळ चुका दुरुस्त व्हाव्यात, नवे काही येऊ नये. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. प्रकाशन-शाखेतील प्रत्येक दुरुस्ती मुख्य शाखेतही नेली पाहिजे; नाहीतर दुसऱ्या आवृत्तीत तीच चूक पुन्हा उगवते. छपाईला गेलेल्या प्रतीवर कायमची खूण करून ठेवावी, म्हणजे पुढे वाद झाला तर नेमकी तीच प्रत समोर ठेवता येते.

संगमाच्या वेळी प्रणाली तीन प्रती पाहते: दोघांच्या दोन आणि ज्या प्रतीपासून दोघे निघाले ती मूळ. एकाने तिसरी ओळ बदलली व दुसऱ्याने विसावी, तर दोन्ही बदल आपोआप स्वीकारले जातात. परंतु समजा, मूळ प्रतीत ‘पानी’ होते; एकाने प्रमाणभाषेप्रमाणे ‘पाणी’ केले आणि दुसऱ्याने ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून ‘पान्याला’ केले. येथे यंत्र थांबते. निर्णय माणसाने घ्यावयाचा असतो. तो ज्येष्ठतेवर किंवा शुद्धलेखनाच्या नियमांवर घेतला, तर त्या बाईचा शब्द जाईल. ती कोयता घेऊन पुन्हा परमुलखात गेली, की तिला विचारायलाही कोणी उरत नाही. म्हणून अशा वेळी ध्वनिमुद्रण हेच प्रमाण मानावे.

यंत्र गप्प राहिले म्हणजे सर्व ठीक आहे, असेही नव्हे. एकाने सूचीत गावाचे नाव दुरुस्त केले आणि दुसऱ्याने त्याच वेळी नव्या ओवीखाली जुनेच नाव लिहिले, तर ओळी वेगळ्या असल्याने संगम निमूटपणे होतो, पण पुस्तकात एका गावाची दोन गावे होतात. तेव्हा संगमानंतर संपूर्ण मजकूर वाचणे अटळ आहे. शाखा जितकी जास्त दिवस वेगळी राहील, तितका संगम अवघड होतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी शाखा मुख्य प्रवाहास जोडाव्यात.

कोश, लोकसाहित्य, स्थानिक इतिहास असे सामूहिक काम ज्या ज्या विभागांत चालते, तेथे ही शिस्त स्वीकारावी, असे मला वाटते. तीसाठी संगणकाची पदवी लागत नाही. आपला पाठ का बदलला हे एका ओळीत लिहून ठेवण्याची आणि दुसऱ्याचा पाठ पुसून न टाकण्याची सवय मात्र लागते.