ट्रकच्या इंजिनातील उलटा बार : कारण शोधण्याची रीत

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९६५ साली आपल्या एफ–१०० ह्या पिकअप ट्रकसाठी सहा सिलिंडरांचे एक नवे इंजिन योजिले. त्याचे आकारमान २४० घनइंच, म्हणजे सुमारे ३.९ लिटर होते. ह्याच घराण्यातील ३०० घनइंचांचे इंजिन १९९६ पर्यंत फोर्डच्या ट्रकांत बसविले जात असे. १९६५ च्या इंजिनात संगणक नाही. त्याचे बहुतेक अवयव झाकण उघडताच डोळ्यांना दिसतात. म्हणून बिघाडाचे कारण तर्काने कसे शोधावे, हे शिकण्यास असे जुने इंजिन फार सोयीचे असते.

ह्या वयाच्या इंजिनांत दोन दोष वारंवार आढळतात. एक, मोठा आवाज होऊन उलटा बार निघणे. आणि दुसरा, चालता चालता इंजिन बंद पडणे.

इंजिनाच्या तीन गरजा

जर्मनीतील निकोलाउस ओटो ह्याने १८७६ साली ज्या चार टप्प्यांच्या चक्रावर इंजिन चालविले, तेच चक्र येथेही आहे : मिश्रण आत ओढणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे. हे चक्र नीट चालण्यास तीन गोष्टी लागतात. हवा व पेट्रोल ह्यांचे योग्य मिश्रण, झडपा घट्ट मिटून मिळणारा पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी पडणारी जोरदार ठिणगी. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ठिणगीची निकडही ध्यानात घ्यावी. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असता सहा सिलिंडरांना मिळून दर सेकंदास १२० ठिणग्या लागतात.

ह्या तिहींपैकी एकीत जरी उणीव आली, तरी ज्योत नको तेथे किंवा नको तेव्हा पेटते. उलटा बार तो हाच.

आवाज कोठून येतो?

पहिला प्रश्न ‘कोणता भाग बदलावा’ हा नसून ‘आवाज कोठून येतो’ हा होय.

आवाज कार्बुरेटरमधून येत असेल, तर आत येणाऱ्या मिश्रणालाच ज्योत लागली असे समजावे. मिश्रणात पेट्रोल कमी पडले, तर ते सावकाश जळते. मागच्या चक्रातील ज्योत विझण्यापूर्वीच आत घेणारी झडप उघडते आणि नव्या मिश्रणाला आग लागते. कार्बुरेटरखालील गास्केट फाटणे, निर्वाताची रबरी नळी चिरणे, किंवा अॅक्सिलरेटर दाबताच पेट्रोलची जादा धार सोडणारा छोटा पंप निकामी होणे, ही त्याची नेहमीची कारणे. आत घेणारी झडप नीट न मिटणे हेही एक कारण असते. प्लगच्या तारांची अदलाबदल झाली तरी असाच बार निघतो. ह्या इंजिनात ठिणगीचा क्रम १–५–३–६–२–४ असा असून पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूस असतो.

आवाज सायलेन्सरमधून येत असेल, तर न जळलेले मिश्रण तेथवर पोचून पेटले आहे. एखाद्या प्लगची ठिणगी चुकणे, ठिणगी फार उशिरा पडणे, मिश्रणात पेट्रोल फार होणे, अथवा धुराच्या नळीला भोक पडून बाहेरची हवा आत शिरणे, ही येथील कारणे होत.

केव्हा बंद पडते?

दुसरा प्रश्न वेळेचा. इंजिन थंड असताना बंद पडत असेल तर चोकची झडप पाहावी. केवळ मंद गतीवर बंद पडत असेल तर मंद गतीचा पेट्रोलमार्ग तुंबला आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे. चढावर, भार असताना बंद पडत असेल तर पेट्रोलचा गाळणा व पंप तपासावा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. अमेरिकेत बहुधा १० टक्के, तर भारतात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले आहे. जुन्या रबरी नळ्या व पडदे त्याने लवकर खराब होतात, आणि त्यांचे कण गाळण्यात अडकतात.

निर्वातमापक जोडल्यास बरेच काही कळते. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन मंद गतीवर पाऱ्याचा सुमारे १७ ते २१ इंच निर्वात स्थिरपणे दाखविते. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी, आणि काटा ठराविक अंतराने झटका घेत असेल तर झडपेचा दोष संभवतो.

एक उदाहरण

समजा, एक ट्रक सकाळी उत्तम चालतो. वीस मिनिटांनी सायलेन्सरमध्ये बार वाजू लागतात आणि इंजिन बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर ते पुन्हा सुरू होते. दोष उष्णतेशी निगडित आहे, हे उघड आहे. परंतु उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफही होते आणि विजेचे भागही दुबळे होतात. ह्या दोहोंत निवड कशी करावी?

इंजिन बंद पडताच कार्बुरेटरच्या तोंडात पाहून अॅक्सिलरेटरची कळ हाताने हलवावी. पेट्रोलची धार दिसली, तर पेट्रोल पोचले आहे. नंतर एक जादा प्लग तारेला लावून त्याचे अंग इंजिनाच्या धातूला, कार्बुरेटरपासून दूर, टेकवावे आणि इंजिन फिरवून पाहावे. ठिणगी निळी व कडकडीत न दिसता पिवळी व क्षीण दिसली, तर संशय विजेच्या भागांवर जातो. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येही ठिणग्या उडत असतील, तर तो कंडेन्सरवर स्थिर होतो. कारण पॉइंट उघडताच तेथील प्रवाह झेलून घेणे हे कंडेन्सरचे काम होय. तो प्रवाह झटकन तुटला नाही, तर कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होत नाही.

आता खात्रीचा कंडेन्सर बसवून तेवढेच अंतर चालवावे. दोष नाहीसा झाला, तर जुना कंडेन्सर पुन्हा बसवावा. दोष परत आला तरच निदान सिद्ध झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही तितकाच खरा आहे. चार भाग एकदम बदलले तर ट्रक कदाचित चालेल, पण दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

सावधगिरी

कार्बुरेटरमधील बार ही खरी ज्वाला असते. हवेच्या गाळण्याचे डबडे ती अडविते. म्हणून ते काढून इंजिन चालविताना तोंड जवळ नेऊ नये, आणि वरून पेट्रोल ओतून इंजिन सुरू करण्याची घातक सवय टाळावी. बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व तो प्राण घेतो. बंद पडण्याचा दोषही केवळ गैरसोयीचा नव्हे. रेल्वेच्या फाटकात इंजिन थांबले, तर तो जिवावर बेततो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मिश्रणात पेट्रोल कमी असता आवाज कार्बुरेटरमधून का येतो?
२. वरील उदाहरणात पेट्रोलची धार दिसली नसती, तर पुढील तपासणी कोणत्या क्रमाने करावी?
३. जुना कंडेन्सर पुन्हा बसवून पाहण्याची आवश्यकता का आहे?