ओढ्याची वाट समुद्राकडे

शेणवा हे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील एक गाव आहे. या भागात भाताची शेते आहेत, जंगल आहे, डोंगर आहेत. येथून समुद्र दिसत नाही. लाटांचा आवाजही ऐकू येत नाही. मग समुद्रातील कचऱ्याचा विचार शेणव्यातील मुलांनी का करावा?

चला, आपण एका पिशवीचा प्रवास पाहू.

उन्हाळ्यात कोणीतरी प्लॅस्टिकची एक रिकामी पिशवी ओढ्याच्या काठावर टाकली. ओढा कोरडा होता. पिशवी तेथेच पडून राहिली. जून महिन्यात पाऊस सुरू झाला. ओढा दुथडी भरून वाहू लागला आणि पिशवीला घेऊन गेला. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक ओढे भातसा आणि काळू या नद्यांना मिळतात. भातसा पुढे काळूला मिळते आणि काळू कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उल्हास नदी वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. वाटेत काही कचरा झुडपांत आणि बंधाऱ्यांत अडकतो. उरलेला पुढे जातो. मोठ्या शहरांतील गटारांचा कचराही त्यात मिसळतो.

समुद्रातील बहुतेक कचरा असाच जमिनीवरून येतो. काही कचरा जहाजांतून व होड्यांतून पडतो. मासेमारीची तुटलेली जाळीही पाण्यात राहतात. त्यांत मासे आणि कासवे अडकून मरतात.

कागद किंवा केळीची साल पाण्यात कुजते. प्लॅस्टिक तसे कुजत नाही. ऊन आणि लाटा यांमुळे त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. हे तुकडे माशांच्या पोटात जातात. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते तिला अन्न समजून गिळते. मार्च २०१९ मध्ये फिलिपाईन्स देशात एक देवमासा मेला. त्याच्या पोटातून सुमारे ४० किलो प्लॅस्टिक निघाले!

माणसाचेही यात नुकसान आहे. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव डोल नावाचे पिशवीसारखे मोठे जाळे पाण्याच्या प्रवाहात लावतात. भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर मासे त्यात येतात. आता माशांबरोबर प्लॅस्टिकही येते. ते निवडण्यात वेळ जातो आणि जाळे फाटते. म्हणजे आपण टाकलेली पिशवी दुसऱ्याच्या कष्टांच्या आड येते.

हे थांबवता येते का? हो, येते. मुंबईतील वर्सोवा किनाऱ्यावर कचऱ्याचे ढीग साचले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर तो उचलायला सुरुवात केली. हळूहळू अनेक लोक त्यांना येऊन मिळाले. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिले दिसली. ती समुद्राकडे निघाली होती! याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली.

तरीही दर पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर नवा कचरा येतो. छप्पर गळत असेल तर नुसती जमीन पुसून चालत नाही, फुटलेले कौल बदलावे लागते. समुद्राचे कौल आपल्या गावांत आहे.

म्हणून बाजारात जाताना कापडी पिशवी न्या. लग्नात व जेवणावळीत थर्माकोलच्या ताटांऐवजी पळसाच्या पानांच्या पत्रावळी वापरा. प्लॅस्टिकच्या बाटल्या भंगारवाल्याला द्या. प्लॅस्टिक जाळू नका, कारण त्याचा धूर विषारी असतो. पाऊस सुरू होण्यापूर्वी शिक्षकांबरोबर ओढ्याकाठचा कचरा उचला. वाटेतील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे पुण्याचे काम आहे, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. ओढा ही तर पाण्याची वाट आहे.

मित्रांनो, जून महिन्यात ओढा वाहू लागेल, तेव्हा त्याच्या काठी उभे राहून पाहा. तो समुद्राकडे काय घेऊन जात आहे?

शब्दार्थ
दुथडी – दोन्ही काठांपर्यंत
बंधारा – पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत
पत्रावळ – पानांचे ताट
कौल – छपरावर घालायची भाजलेल्या मातीची फरशी

स्वाध्याय
१. ओढ्यातील पिशवी समुद्रात कोणत्या मार्गाने जाते?
२. कासव प्लॅस्टिकची पिशवी का गिळते?
३. ‘समुद्राचे कौल आपल्या गावांत आहे’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरातून एका दिवसात किती प्लॅस्टिक बाहेर पडते? मोजा आणि वहीत नोंद करा.