पालीतील ओळखीचे शब्द

पाली सुत्तांचे भाषांतर हाती घेताना इंग्रजी वा जर्मन वाचकापेक्षा आपले काम सोपे आहे, असे मराठी वाचकाला वाटते. आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. धम्म, दुक्ख, तण्हा हे शब्द त्याला परके नाहीत. परंतु खरी अडचण या ओळखीतूनच उद्भवते.

पाच खंधांचेच उदाहरण घेऊ. सारनाथ येथे पंचवर्गीय भिक्षूंना उद्देशून केलेल्या अनत्तलक्खण सुत्तात रूप, वेदना, सञ्ञा, संखार आणि विञ्ञाण यांपैकी एकालाही आत्मा म्हणता येत नाही, असे प्रतिपादन आहे. याचे मराठीकरण रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान असे करता येते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते निर्दोषही आहे. पण मराठीत रूप म्हणजे बहुधा देखणेपण, वेदना म्हणजे कळ, संज्ञा म्हणजे पारिभाषिक नाव, संस्कार म्हणजे मुंजीपासून मुलांच्या वळणापर्यंत सारे काही, आणि विज्ञान हा तर शाळेतील एक विषय! पाचही शब्द ओळखीचे आणि पाचांचाही अर्थ निसटलेला.

यांत सर्वांत फसवा शब्द 'वेदना'. पालीत वेदना तीन प्रकारची असते: सुखद, दुःखद आणि या दोहोंहून निराळी. सतिपट्ठान सुत्तात साधकाने या तिन्हींकडे सावधपणे पाहावे असे सांगितले आहे. मराठी वाचकाने तेथे नेहमीचा अर्थ लावला, तर बुद्ध केवळ दुखण्याकडे लक्ष द्यायला सांगतात असा त्याचा ग्रह होतो, आणि बौद्ध विचार निराशावादी असल्याच्या जुन्या आक्षेपाला आयता पुरावा मिळतो. वस्तुतः सुखद वेदनेतून आसक्ती कशी वाढते हे ओळखण्यावर त्या उपदेशाचा मोठा भर आहे. इंग्रजी वाचक या घोटाळ्यातून सुटतो, कारण त्याच्या भाषांतरकाराला 'फीलिंग' असा घरचा शब्द शोधावाच लागला.

मग मराठीत काय करावे? 'संवेदना' शब्द शरीराकडे झुकतो, तर पालीतील वेदना मनाचीही असते. 'अनुभूती'ला काव्याचा आणि गूढाचा वास येतो. तरीही येथे 'संवेदना' पत्करणे मला कमी धोक्याचे वाटते. 'संखार' मात्र पाली रूपातच ठेवावा. ते अनोळखी रूप वाचकाला क्षणभर थांबवते, आणि ते थांबणे हिताचे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातही 'धम्म' हा शब्द तसाच ठेवला आहे.

भाषांतराविषयी शंका आली तर संयुत्तनिकायातील खज्जनीय सुत्त काढून पाहावे. नालंदा येथून 1956 पासून भिक्षु जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या त्रिपिटकाच्या 41 खंडांमुळे मूळ पाठ देवनागरीतही वाचता येतो. या सुत्तात प्रत्येक खंधाची फोड त्याच्या क्रियेवरूनच केली आहे: निळे, पिवळे, तांबडे, पांढरे असे ओळखते ती सञ्ञा, आंबट, कडू, तिखट, गोड असे जाणते ते विञ्ञाण.