संमती आणि शरणागती

२६ मार्च १९७२ च्या रात्री, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप झाला. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांचे होते. आरोपी त्याच ठाण्यातील दोन पोलीस होते आणि मुलीचे आप्त त्या वेळी ठाण्याबाहेर तिची वाट पाहत होते. पुढे खटला तिच्याच नावाने देशभर गाजला. अशी ओळख उघड करण्यास नंतर कायद्यानेच मनाई केल्यामुळे ते नाव येथे दिलेले नाही.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा होय. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराचा पुरावा नाही, असे म्हणून दोघांनाही निर्दोष ठरविले. बंद दारामागे, गणवेशधारी पुरुषांसमोर एका गरीब मुलीने कोणाला हाक मारावयाची होती, हा प्रश्न त्या निकालात अनुत्तरितच राहिला.

तो सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्ली आदी शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात स्पष्टपणे यावयास २०१३ साल उजाडले. विलंब लाजिरवाणाच म्हटला पाहिजे.

पीडित स्त्रीला आधार देणाऱ्या शेजारणीने वा आप्ताने हा इतिहास ध्यानात ठेवावा. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न विचारूच नये; भयाने शरीर गोठते, कंठ फुटत नाही. तिला प्रथम रुग्णालयात न्यावे. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार करणे बंधनकारक आहे. त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार केलेली असण्याची अट नाही. अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावेत. तक्रार करावी की नाही, हे तिला ठरवू द्यावे. ती अल्पवयीन असेल तर मात्र कायद्याने पोलिसांना कळवावेच लागते.