आजीची चैत्रगौर

चैत्र महिना लागला म्हणजे मला माझ्या आजीची आठवण येते. चैत्र हा वसंताचा महिना. नव्या पालवीसाठी आणि कोकिळेच्या स्वरासाठी कवी त्याचे कौतुक करतात. परंतु सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस असलेल्या आमच्या माण तालुक्यात वसंत येतो तो ऊन घेऊनच. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, महाबळेश्वरास, पावसाची झोड उठते; आमच्याकडे मात्र ढग नुसते तोंड दाखवून जातात. चैत्रात माणगंगेच्या पात्रात वाळू तेवढी उरते. अशा त्या प्रदेशातील एका खेड्यात आमचे माळवदाचे जुने घर होते. परसात आजोबांनी खणविलेला एक आड, आडाशेजारी आंब्याचे एक झाड आणि दूर क्षितिजावर शिखर शिंगणापूरच्या डोंगराची निळसर रेषा. आजी रोज पहाटे स्नान करून त्या रेषेकडे पाहून हात जोडी आणि मग रांगोळीचे भांडे घेऊन अंगणात बसे.

मुलांनो, चैत्रांगण तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. त्या दिवसांत अंगणात ही रांगोळी काढतात. सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, कमळ, नाग, गौरीची पावले, गाईची पावले अशी कितीतरी चिन्हे तीत असतात. रांगोळी काढताना आजी स्वतःशीच बोलत असे. “ही तुळस झाली. आता लेकींची पावले काढू; कुठे असतील तिथे सुखी असोत,” असे तिचे पुटपुटणे चाले. तिचे घर, तिची माणसे आणि तिचा देव ही सारी त्या दोन हात जागेत मावत असत.

१९७२ साली पावसाने महाराष्ट्राला पाठ दाखविली. तसा दुष्काळ आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनीही क्वचितच पाहिला असेल. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी आम्ही खाल्ली. तिच्या भाकरीची चव अजून जिभेवरून गेलेली नाही. गावातील बायामाणसे रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडण्यास जात. तेथे सुकडी वाटीत, आणि आम्हा मुलांना तिचे मोठे आकर्षण वाटे. आमची गाय वडिलांनी मामांच्या गावी नेऊन पोहोचविली होती. १९७३ च्या चैत्रात आजीने कोरड्या, सडा न घातलेल्या अंगणात गाईची पावले काढली, तेव्हा तिचे बोट क्षणभर थबकले होते, हे मला स्पष्ट आठवते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

गावातील बहुतेक विहिरी त्या वर्षी आटल्या होत्या. आमच्या आडात गुडघाभर पाणी होते. रात्रभर झरा पाझरे आणि पहाटे तीस-चाळीस घागरी पाणी मिळे. आळीतील बायका ते शेंदून नेत. गावकुसाबाहेरच्या वस्तीवरील बायका मात्र परसाच्या भिंतीपलीकडे उभ्या राहत आणि आजी भिंतीवरून त्यांच्या हंड्यांत उंचावरून पाणी ओतीत असे. यात आपण धर्मच करीत आहोत, असे तिला मनापासून वाटे. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली होती. आमच्या आडाला ते तेवीस वर्षांनंतरही कळले नव्हते.

गौर बसल्यानंतर दोन-तीन दिवसांनी भिंतीपलीकडून एक तरणी बाई म्हणाली, “आजी, वरनं घालू नगा. दोर आमच्या हातात द्या. आमालाबी शेंदता येतंय.”

तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, आणि विनवणीही नव्हती. आजी काही न बोलता पोहरा खाली ठेवून घरात निघून गेली. त्या दिवशी उरलेले हंडे माझ्या आईने भरले.

रात्री माळवदावर मोठी बोलणी झाली. काका म्हणाले, “आई, पाणी आधीच थोडे. उद्या आड आटला तर घरच्यांनी काय प्यायचे? आणि तुझ्या सोवळ्याचे काय?” त्याच काळात डॉ. बाबा आढाव यांची ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ महाराष्ट्रात चालली होती. वडिलांनी तिचा विषय काढला. आजीने दोघांनाही हाताने थांबविले. ती बराच वेळ शिंगणापूरच्या दिशेकडे पाहत राहिली. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडहून भुतोजी तेली यांची मानाची कावड मुंगी घाटाची ती छाती दडपविणारी चढण चढून शंभू महादेवाला कऱ्हेचे पाणी घालते. तो दिवस जवळ आला होता.

“कावड वाहणाऱ्याच्या खांद्याला महादेवाने कधी जात विचारली का रे?” ती म्हणाली. “आणि मी एका आडाची धनीण! पाणी तरी माझे आहे का? झरा काही मी घातलेला नाही.” मग काकांकडे वळून ती म्हणाली, “थोडे आहे हे खरे. घरटी दोन घागरी, आपल्यालाही दोनच.”

पहाटे परसाचे दार उघडे होते. ती बाई आत आली. तिने दोर हाती घेतला, रहाट करकरला आणि पोहरा वर आला. आजी आंब्याखाली उभी राहून पाहत होती. ती एका रात्रीत पालटली असे मी म्हणणार नाही. तिची स्वतःची घागर पुढे कित्येक दिवस वेगळ्या फडताळात राहिली. आळीतील दोन घरांनी आमच्या आडाचे पाणी सोडले आणि ती पुष्कळ लांबून पाणी आणू लागली. आजीला त्याचे दुःख झाले. परंतु दार पुन्हा लागले नाही.

चैत्रगौरीचे हळदकुंकू आमच्याकडे नेहमी तिसऱ्या प्रहरी होई. त्या वर्षी आजीने ते दिवेलागणीवर नेले, कारण दुपारी सगळ्या जणी खडीवर असत. हरभऱ्याची डाळ मूठभरच मिळाली. आंब्याला मोजक्या कैऱ्या लागल्या होत्या, त्यांचे पन्हे केले. आजोबा हयात नव्हते, म्हणून हळदकुंकू आई लावीत असे. पन्हे मात्र आजीच देई. येणाऱ्या बायकांच्या तळहातांवर फोड आले होते. आईने कपाळाची हळद त्यांच्या फोडांवरही लावली.

सर्वांत शेवटी ती बाई आली आणि दारातच थांबली. आजीने पेला भरून तिच्या हाती दिला. एक घोट घेऊन ती म्हणाली, “आजी, गूळ कमी पडलाय.”

“पुढच्या चैत्राला ये,” आजी म्हणाली, “तेव्हा जास्त घालीन.” आणि ती दुसरा पेला भरावयास आत वळली.